पाच थिंकपॅड आणि बोटाचं लॉगिन: कामाच्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३, शनिवार

दिवाळीनंतरचं पहिलं काम. नाशिकमध्ये एका करसल्लागारांचं ऑफिस आहे, तिथले संगणक मी बघतो. पाच लॅपटॉप, सगळे जुन्या बाजारातून घेतलेले लेनोव्हो थिंकपॅड: चार टी४८० आणि एक टी४९०. सगळ्यांवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचा एक प्रकार), डिस्क एन्क्रिप्ट केलेली. साहेबांचं म्हणणं असं, की लॅपटॉपवर बोट लावायची जागा दिलीय तर ती चालू करून द्या.

मागणी रास्त आहे. इथले लोक दिवसभर जागेवरून उठबस करतात. प्रत्येक वेळी लांबलचक पासवर्ड मारायचा कंटाळा येतो, म्हणून स्क्रीन लॉकच बंद करून ठेवतात. लोकांचे पॅन, बँक खाती, सगळं त्या पडद्यावर उघडं. बोटानं लॉक उघडत असेल तर लॉक सुरू तरी राहील.

आधी एलएसयूएसबी, म्हणजे यूएसबीवरची उपकरणं आयडीसकट दाखवणारी आज्ञा. टी४९० वर दिसलं ०६सीबी:००बीडी, सिनॅप्टिक्सचा ‘प्रोमिथियस’. टी४८० वर ०६सीबी:००९ए, तोही सिनॅप्टिक्सचाच, नाव ‘मेटॅलिका’. नावं ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. दोन्ही रीडर एकाच कंपनीचे, दिसायलाही जवळपास सारखे. पण पहिला लिबएफप्रिंटच्या (लिनक्सवर बोटाचे रीडर चालवणारी सॉफ्टवेअर लायब्ररी) समर्थित यादीत आहे, दुसरा नाही. कोलनच्या पुढच्या चार अक्षरांवर पुढचं सगळं काम ठरतं. कुणी दुकानात उभं राहून फोन करतं, ‘हा लॅपटॉप घेऊ का, लिनक्सवर बोट चालेल का?’, तेव्हा मी मॉडेल विचारत नाही, हा आयडी विचारतो. सुरुवातीचे चार आकडे फक्त घराणं सांगतात: २७सी६ म्हणजे गुडिक्स, ०४एफ३ म्हणजे एलान, १३८ए म्हणजे जुनी व्हॅलिडिटी. घराणं कळल्यानं काम भागत नाही.

आज एवढंच केलं, की पाचही मशिनांच्या बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युरिटीखालच्या फिंगरप्रिंट भागातून ‘रिसेट फिंगरप्रिंट डेटा’ चालवलं. या रीडरांत बोटांचे नमुने डिस्कवर नाही, चिपच्या आतच राहतात. विकणाऱ्यानं डिस्क पुसली म्हणजे चिप पुसली असं होत नाही. आधीच्या मालकाचं बोट आत असेल तर ते आम्हाला नको, आणि त्यालाही ते इथे राहायला नको असेल.

२० नोव्हेंबर, सोमवार

काल काहीच झालं नाही. अहमदाबादच्या फायनलनंतर घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

टी४९० उरकला. एफडब्ल्यूयूपीडी या अपडेटच्या साधनानं रीडरचं फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आतलं सॉफ्टवेअर, तपासलं. प्रोमिथियससाठी दोन वेगळे तुकडे येतात, एक मुख्य फर्मवेअर आणि एक कॉन्फिगरेशनचा. दोन्ही घालून मशीन पूर्ण बंद करून चालू केलं. जुन्या फर्मवेअरवर हा ड्रायव्हर चालत नाही, म्हणून हे आधी. मग एफप्रिंटडी (मागे चालत राहून बोट तपासणारी सर्व्हिस) आणि त्याचं पॅमसाठीचं (लिनक्सची लॉगिन तपासणारी व्यवस्था) मॉड्यूल ही दोन पॅकेजं. टर्मिनलवर एफप्रिंटडी-एनरोल, उजवी तर्जनी. ‘एनरोल-स्टेज-पास्ड’, पुन्हा ‘एनरोल-स्टेज-पास्ड’, मधेच ‘बोट उचलून परत ठेवा’ अशा अर्थाचा निरोप, शेवटी ‘एनरोल-कंप्लीटेड’. एफप्रिंटडी-व्हेरिफाय चालवलं, ‘व्हेरिफाय-मॅच’ आलं. चहा यायच्या आत काम झालं.

इतकं सोपं होण्याचं कारण असं, की हा ड्रायव्हर २०१९ मध्ये सिनॅप्टिक्सच्याच लोकांनी लिहून लिबएफप्रिंटला दिला. चिप बोटाचं चित्र बाहेर देतच नाही. जुळवणी आतच होते आणि लिनक्सला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढं कळतं.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

टी४८० ला हात लावण्यापूर्वी थोडं वाचन केलं, कारण साहेब विचारणार: एकाचं झालं, बाकीच्यांचं का नाही?

लिबएफप्रिंटची सुरुवात २००७ ची. मँचेस्टर विद्यापीठात शिकणाऱ्या डॅनियल ड्रेकचा तो प्रकल्प. तेव्हाचे बरेच रीडर बिचारे साधे होते. ते बोटाचं चित्र काढून यूएसबीवरून संगणकाकडे पाठवायचे, बाकीचं डोकं संगणकानं चालवायचं. अरुंद पट्टीवरून बोट ओढायचे रीडर तर चित्राच्या चिंध्या पाठवायचे आणि त्या जोडायच्याही सॉफ्टवेअरनंच. चित्रावरून रेषा कुठे संपतात, कुठे फुटतात ते बिंदू काढायचे आणि दोन बोटांचे बिंदू ताडून बघायचे, यासाठी अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचा मोफत कोड वापरला गेला. बिंदू शोधणारा माइंडटीसीटी, ताडणारा बोझॉर्थ३. तो अजूनही लिबएफप्रिंटमध्ये आहे.

त्या कोडची एक अडचण आहे. तो पूर्ण बोटाच्या ठशांसाठी बनलेला. लॅपटॉपवरचे सेन्सर लहान लहान होत गेले. चित्रात बिंदूच चारदोन सापडले तर ताडणार काय? काही स्वस्त लॅपटॉपांवर रीडर ‘चालतो’ पण मालकालाच ओळखत नाही, त्याचं एक कारण हे आहे.

पण टी४८० चं दुखणं ते नाही. त्याची चिपही प्रोमिथियससारखी स्वतःच जुळवणी करते. प्रश्न फक्त तिच्याशी बोलायचं कसं, हा. संगणक आणि चिप यांच्यात टीएलएसच्या (सुरक्षित वेबसाइटवर वापरतात ती पद्धत) धर्तीवर एन्क्रिप्ट केलेलं संभाषण चालतं आणि त्याचे कागद कंपनीनं प्रसिद्ध केलेले नाहीत. विंडोजचा ड्रायव्हर ती भाषा जाणतो. ही चिप मुळात व्हॅलिडिटी नावाच्या कंपनीच्या वंशातली. सिनॅप्टिक्सनं ती कंपनी २०१३ मध्ये विकत घेतली. म्हणून टी४७० वर आयडी १३८ए:००९७ दिसतो आणि टी४८० वर ०६सीबी:००९ए, पण भाषा जवळपास तीच.

ती भाषा लोकांनी बाहेरून उलगडली. आधी व्हॅलिडिटी९० नावाचा प्रकल्प झाला. यूएसबीवरचं येणंजाणं टिपायचं, विंडोजचा ड्रायव्हर उसवायचा, एकेक आज्ञा ओळखायची. त्याच्या खांद्यावर पुढे पायथन-व्हॅलिडिटी उभा राहिला. कुणी पगार देत नसताना हे केलंय. आमच्या चार मशिनांचा भरवसा आता यावर आहे.

२३ नोव्हेंबर, गुरुवार

पहिला टी४८०.

पायथन-व्हॅलिडिटी नेहमीच्या एफप्रिंटडीबरोबर नांदत नाही. त्याच्या जागी ओपन-एफप्रिंटडी बसवावा लागतो. डी-बसवर (प्रोग्रॅम एकमेकांशी बोलतात तो मार्ग) दोघांचं नाव एकच, म्हणून वरच्या थरातल्या नोमला (उबुंटूचा डेस्कटॉप) फरक कळत नाही. सेटिंगमधली ‘फिंगरप्रिंट लॉगिन’ची खिडकी जशीच्या तशी उघडते. पीपीए (उबुंटूच्या बाहेरचं पॅकेजांचं भांडार) जोडला, जुना एफप्रिंटडी गेला, नवीन जोडी आली.

पुढचा भाग पहिल्यांदा बघणाऱ्याला चमत्कारिक वाटेल. या चिपला चालायला फर्मवेअरची एक फाइल लागते आणि ती वाटायचा अधिकार प्रकल्पाला नाही. म्हणून त्यांची स्क्रिप्ट लेनोव्होच्या साइटवरून विंडोजचा ड्रायव्हर उतरवते, इनोएक्स्ट्रॅक्टनं तो इन्स्टॉलर उलगडते, आतून ती एक फाइल उचलते आणि चिपला देते. विंडोज कुठेच नाही, पण विंडोजच्या गाठोड्याशिवाय चालतही नाही.

मग जोडणी. चिप आणि संगणक एकमेकांना ओळखतात त्या किल्लीसाठी मशिनचं मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर वापरतात. हे दोन्ही लिनक्समध्ये डीएमआयच्या (बायोसनं दिलेल्या मशिनच्या) माहितीत दिसतात. म्हणजे हा रीडर उपटून दुसऱ्या टी४८० ला लावला तर तो आधी नकार देणार, पुसून नव्यानं जोडावा लागणार. ही माहिती फार गुप्त म्हणता येणार नाही. सिरियल नंबर लॅपटॉपच्या पोटावर छापलेला असतो.

आमच्यातल्या एका मशिनची विंडोजशी झालेली जोडणी बायोसमधल्या रिसेटनंतरही अडून बसली होती. प्रकल्पाच्या नमुना स्क्रिप्टांत ‘फॅक्टरी-रिसेट’ आहे, ती चालवल्यावर मोकळी झाली. ही चालवायची तर आधी पायथन३-व्हॅलिडिटी सर्व्हिस थांबवायची, नाहीतर दोघंही एकाच उपकरणाला धरून बसतात.

एक गंमत कॉन्फिगरेशन वाचताना सापडली. चिप बोटाचा मालक लक्षात ठेवते तो विंडोजच्या एसआयडीच्या (युजरचा ओळख क्रमांक) साच्यात. म्हणून लिनक्सच्या युजरचा कोणत्या एसआयडीशी मेळ घालायचा, हे सांगायची जागा डीबस-सर्व्हिसच्या वायएएमएल फाइलमध्ये ठेवली आहे. एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली ठेवणाऱ्यांना, तिथे घातलेलं बोट इथे ओळखलं जावं म्हणून, ती भरावी लागते. आम्हाला गरज नाही. रिकामी सोडली.

तर्जनी घातली, जुळली. उरलेल्या तिघांवर हेच.

२६ नोव्हेंबर, रविवार

दुपारनंतर अवकाळी आणि गारा. निफाडकडून आलेले द्राक्षबागांचे फोटो बघवत नव्हते. लाइट गेले. घरी आणलेला एक टी४८० बॅटरीवर होता, तो तसाच झोपला आणि रात्री झाकण उघडल्यावर बोट घेईना. टर्मिनलवर उपकरण सापडत नसल्याची तक्रार. पासवर्डनं आत गेलो.

हे अपेक्षितच होतं. झोपेत यूएसबीची वीज तुटते, चिपबरोबरचं एन्क्रिप्टेड सत्र तुटतं, आणि इकडे सर्व्हिसला वाटत असतं की ते अजून चालू आहे. ओपन-एफप्रिंटडीबरोबर सस्पेंड आणि रिझ्यूम अशा दोन छोट्या सर्व्हिस येतात, त्या सिस्टमसीटीएल या आज्ञेनं चालू केल्या. झाकण मिटलं, उघडलं, बोट घेतलं. बराच वेळ झोपवून ठेवल्यावर मात्र पुन्हा रुसलं. मग सस्पेंडनंतर पायथन३-व्हॅलिडिटीच नव्यानं सुरू करणारं चार ओळींचं युनिट लिहून टाकलं. सुंदर नाही, पण सकाळी आठ वाजता फोन येण्यापेक्षा बरं.

टी४९० ला यातलं काहीच लागलं नाही.

२८ नोव्हेंबर, मंगळवार

आज पॅम. रीडर ओळखायला लागला की काम संपलं असं वाटतं, पण बोट कुठे मागायचं हा निम्मा प्रश्न शिल्लकच असतो.

सगळीकडे सांगतात, पॅम-ऑथ-अपडेट चालवा आणि फिंगरप्रिंटच्या ओळीवर खूण करा. माझ्या खात्यावर करून बघितली. ही खूण केली की सुडोपासून (प्रशासकाच्या अधिकारानं काम करवणारी आज्ञा) सगळे आधी बोट मागतात. पॅम ही एका खिडकीची रांग आहे. पुढे बोटाचं मॉड्यूल उभं असेल तर त्याचं आटोपल्याशिवाय पासवर्डचा नंबर लागत नाही. मॉड्यूलची स्वतःची मुदत ३० सेकंद आणि ३ प्रयत्न. उबुंटूनं ती १० सेकंद आणि १ प्रयत्न अशी आवळली आहे. तरीही जो लॅपटॉप झाकण मिटून बाहेरच्या मॉनिटरला जोडलेला असतो, त्याच्यासमोर बसून दर सुडोला दहा सेकंद मोजायची म्हणजे शिक्षाच. कंट्रोल-सीनं सुटका होते, पण ते इथल्या ताईंना कोण शिकवणार? दुरून एसएसएचनं आलेल्याला मात्र हे मॉड्यूल बोट मागत नाही, सरळ पासवर्डकडे पाठवतं. एवढी समज त्याला आहे.

जीडीएमचं, म्हणजे नोमच्या लॉगिन पडद्याचं, वेगळं. तिथे पासवर्डची आणि बोटाची अशा दोन स्वतंत्र पॅम फाइली एकाच वेळी चालतात, म्हणून लॉक स्क्रीनवर बोट लावा नाहीतर टाइप करायला लागा, कुणी कुणाची वाट अडवत नाही. आणि बोटाची ती फाइल पॅम-ऑथ-अपडेटच्या खुणेवर अवलंबून नाही.

मग आमच्या कामाला ती खूण हवीच कशाला? इथल्या लोकांना सुडोचा अधिकारच नाही. त्यांना हवं आहे लॉक स्क्रीनवर. खूण काढून टाकली, पाचही ठिकाणी.

दुसरा निर्णय: सकाळचं पहिलं लॉगिन पासवर्डनंच. नोमची किरिंग, ज्यात ब्राउझरची आणि वायफायची गुपितं असतात, ती लॉगिनच्या पासवर्डनं एन्क्रिप्ट केलेली असते. बोटानं आत आलात तर पॅमच्या हातात पासवर्डच नसतो, त्यामुळे किरिंग कुलूपबंद राहते आणि दोन मिनिटांनी तीच खिडकी पासवर्ड मागते. लोक वैतागतात. त्यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे किरिंगचा पासवर्ड रिकामा ठेवा. तो मी करणार नाही. जीडीएमच्या लॉगिन पडद्याची सेटिंग वेगळी असते, तिथे बोट बंद केलं. सत्र सुरू झाल्यावर लॉक स्क्रीनवर चालू. डिस्कचा पासफ्रेज तर मशीन चालू करतानाच लागतो, तिथे या बोटाचा काही संबंध नाही.

३० नोव्हेंबर, गुरुवार

लोकांची बोटं घेतली. प्रत्येकाला दोन बोटं घालायला लावली, एकेका हाताचं. सेन्सर लहान आहे, म्हणून प्रत्येक वेळी बोट किंचित सरकवून ठेवायचं: मध्य, टोक, डावी कड, उजवी कड. एकाच जागी दाबत राहिलं की नोंदणी लगेच होते आणि दुसऱ्या दिवशी ओळख पटत नाही.

हिशेब बघणारे काका अडले. त्यांची स्वतःची द्राक्षबाग आहे, ऑक्टोबर छाटणी आणि पेस्ट लावण्यात ते स्वतः उभे असतात. बोटांच्या टोकांवर कात्रीचे घट्टे, रेषा घासून गुळगुळीत. तर्जनी घेईना, अंगठा घेईना. काका हसून म्हणाले, “अहो, रेशनवाल्याचं मशीनपण मला ओळखत नाही. तुमचं काय ओळखणार?” हात धुऊन, पुसून, थोडं व्हॅसलीन चोळून, पाच मिनिटं थांबून परत बघितलं. शेवटी डाव्या हाताची अनामिका चालली. उजव्या हातात कात्री धरणाऱ्या माणसाची ती कमी झिजत असावी. करंगळीही चालली, पण ती ठेवताना हात वाकडा करावा लागतो, म्हणून काका नको म्हणाले.

“हे आधारला जातं का?” हा प्रश्न जवळपास प्रत्येकानं विचारला. बरोबरच आहे. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नाशिक विभागातल्या नंदुरबार जिल्ह्यात, टेंभलीला दिला गेला. तेव्हापासून इथे अंगठा म्हटलं की आधारच आठवतं. सांगितलं, की हे बोट या लॅपटॉपच्या चिपबाहेर जात नाही. आधारसाठीचे रीडर वेगळे. ते नोंदणीकृत उपकरण असावं लागतं, ठशावर उपकरणाशी जोडलेल्या किल्लीनं सही होते आणि तो एन्क्रिप्ट होऊन जातो. म्हणूनच साहेबांची दुसरी इच्छा, लॅपटॉपच्या बोटानं ग्राहकांचं ई-केवायसी करायचं, पुरी होणार नाही. त्यासाठीचा छोटा काळा रीडर आणि त्याची आरडी (नोंदणीकृत उपकरणाची) सर्व्हिस कोपऱ्यातल्या विंडोजच्या मशिनवर चालतेय, तिथेच राहू दे.

२ डिसेंबर, शनिवार

साहेबांच्या मुलानं बातमीचा स्क्रीनशॉट पाठवला: लॅपटॉपांचं बोटाचं लॉगिन फोडलं. बातमी खरी आहे. ब्लॅकविंग इंटेलिजन्स या कंपनीनं मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यावरून तीन लॅपटॉपांवर विंडोज हॅलो, म्हणजे विंडोजचं बोटानं होणारं लॉगिन, तपासलं आणि तिन्हींवर ते चुकवून दाखवलं: डेल इन्स्पिरॉन १५, थिंकपॅड टी१४ आणि सरफेस प्रो एक्स. अहवाल गेल्याच महिन्यात आला.

डेलचा प्रकार आमच्या विषयाशी थेट जोडलेला आहे. त्यातल्या गुडिक्सच्या चिपमध्ये बोटांच्या दोन याद्या असतात, एक विंडोजची, एक लिनक्सची. विंडोजच्या बाजूनं बोट घालताना सुरक्षित संभाषण चालतं, लिनक्सच्या बाजूनं तसं नाही. संशोधकांनी लिनक्स चालू केलं, विंडोजच्या खऱ्या मालकाचाच आयडी देऊन स्वतःचं बोट लिनक्सच्या यादीत घातलं. मग मधे रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक बसवून, सुरू होताना चिपला जाणारं कॉन्फिगरेशनचं पॅकेट बदललं, आणि चिपनं विंडोजसाठीही लिनक्सची यादी उघडली. टी१४ वर तर टीएलएसच्या चावीचं कुलूप मॉडेलचं नाव आणि सिरियल नंबर यांच्यावरून बनवलेलं निघालं. २३ तारखेची नोंद लिहिताना ते खटकलं होतंच.

मुलाला कळवलं: हे करायला लॅपटॉप हातात यावा लागतो, यूएसबीच्या तारांमध्ये शिरावं लागतं. आपलं बोट फक्त चालू सत्राचं लॉक उघडतं. बंद मशीन चोरीला गेलं तर डिस्कचा पासफ्रेज आडवा येतो. म्हणून एक नियम तेवढा केला: लॅपटॉप ऑफिसबाहेर न्यायचा तर झोपवून नाही, बंद करून न्यायचा. नियम पाळला जाईल की नाही, ते मला माहीत आहे.

५ डिसेंबर, मंगळवार

पाचही मशिनांवर कामाची चिठ्ठी ठेवली, माझ्या जागी दुसरं कुणी आलं तर त्याच्यासाठी. कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) अपडेटची काळजी नाही, हे सगळं कर्नलबाहेर लिबयूएसबी या लायब्ररीतून चालतं. पण चारही टी४८० वर उबुंटूचं मोठं अपग्रेड आलं की ते पीपीए आपणहून बंद करतं, आणि पायथनची आवृत्ती बदलली की पायथन-व्हॅलिडिटी अडखळू शकतो. एप्रिलमध्ये २४.०४ येईल. तेव्हा आधी एकच टी४८० चढवायचा, महिनाभर बघायचं, मग बाकीचे. टी४९० केव्हाही चढवा.

कुणी नोकरी सोडली तर एफप्रिंटडी-डिलीट, आणि मशीन विकायचं झालं तर बायोसमधून रिसेट.

साहेबांना पुढच्या वर्षी आणखी दोन लॅपटॉप घ्यायचेत. घेण्याआधी आयडीचा फोटो पाठवा म्हटलंय. काकांचा फोन आला होता, अनामिका आज सकाळपासून घेत नाही. कालच बागेत विरळणी केली. गुरुवारी जाऊन करंगळी घालून देतो.